कपाट बोललं तेव्हा

प्रिय एलियासदादा,
सप्रेम शालोम.

“शब्बाथला घरात पैशाचा आवाज नको,” असं पप्पा एकदा म्हणाले होते, आठवतं? तू खिशातली चिल्लर वाजवत होतास. शनिवारपासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. तुझा गुडघा कसा आहे? वहिनी आणि यायर मजेत असतील. तिकडे इस्रायलात अश्दोदची हवा मानवते असं तू दर वेळी सांगतोस, त्यावरून ती मानवत नसावी असं वाटतं.

शनिवारी संध्याकाळी तू फोन केलास तेव्हा कुणा अनोळखी बाईने “बाय हितं नाय, कपाट हाय” असं सांगितलं, म्हणून तू घाबरलास. (तू तिथे राहून शब्बाथला फोन करतोस आणि मी पनवेलमध्ये राहून उचलत नाही, यावर नंतर बोलू.) त्या बाईचं नाव रूपा. घडलं ते असं.

सामान विकून खिरीच्या सणाआधी कायमची आमच्याकडे निघून ये, असा तुझा हुकूम. त्याप्रमाणे पलंग गेला, टेबल गेलं, राहिलं मम्मीचं लोखंडी कपाट. त्याचा फोटो खालच्या मजल्यावरच्या मनस्वीने इंटरनेटवर टाकला, आणि पैसे आले की फोनने तसं मोठ्याने सांगावं अशी सोयही करून दिली. जवळच्या ओवे गावच्या भरत आणि रूपाने कपाट पसंत केलं. रविवारी या, असं मी बजावलं होतं, तर हे नवराबायको शनिवारी सकाळीच दारात. टेम्पो आजच मोकळा होता म्हणे. आता शुक्रवारी दिवे लावण्याआधी मी फोन कपाटात ठेवते आणि शनिवारी तारे दिसून शब्बाथ उतरेपर्यंत त्याला शिवत नाही. म्हणजे त्याच कपाटात.

आज मी पैसे घेत नाही, फोनलाही शिवत नाही, असं समजावलं. त्यावर रूपा म्हणाली, “तुमी नका घेव. आमी पाठवतो, ते आपले येतील.” शब्बाथला हे चालतं का? (तुझ्या राब्बींना विचार, धर्मशास्त्र त्यांना ठाऊक.) भरतने आधी एक रुपया पाठवला, योग्य ठिकाणी पोचतो का बघायला. आणि बंद कपाटातून स्वच्छ आवाज आला, “एक रुपया मिळाला.” रूपाने कपाटाला हात जोडले. खरं सांगते, माझेही जुळता जुळता राहिले. आयुष्यभर मी सह्या करून, रांगा लावून पगार घेतला; आणि इथे एका माणसाने माझ्या दारात अंगठा टेकवला आणि पैसा कुठून तरी फिरून मम्मीच्या साड्यांचा वास असलेल्या अंधारात येऊन बसला. भरतने विचारलं, नाव बरोबर आहे ना? मी मान हलवली. (मान हलवणं व्यवहारात धरतात का, तेही विचार.)

बाकीचे पैसे रूपाने जिन्यातच पाठवले. कपाट वळणावर आडवं असताना त्याने स्वतःची किंमत जाहीर केली. शेजाऱ्यांनी दारं उघडली. टेम्पो निघाला, मी भारावून हात हलवत राहिले, आणि तो दिसेनासा झाल्यावर मला फोन आठवला.

तारे दिसल्यावर रिक्षाने ओव्याला गेले. कपाट बाहेरच्या खोलीत, रिकामं. फोन होता तिथेच. कपडे का लावले नाहीत, विचारलं. “तुमी आज शिवत नाय, मंग आमी कशाला हलवू? लय वाजला म्हनून उचलला नि परत हितंच ठेवला.” दादा, त्यांनी माझा शब्बाथ पाळला होता रे. दिवसभर, कपड्यांच्या गाठोड्यांशेजारी बसून.

वहिनींना नमस्कार, यायरला पापा.

तुझी,
आदिना

ता. क. राब्बी वाईट काही म्हणाले तर मला कळवू नकोस.

आणखी एक ता. क. कपाटाचे पैसे उरले नाहीत. थोडी भर घालून काल नवं कपाट घेतलं. (जुनं परत मागायचा धीर झाला नाही.) तेव्हा माझं तिकीट रद्द करशील का? तू नाही म्हणणार, ठाऊक आहे. फक्त फोनवर म्हणू नकोस. पत्राने म्हण. टपाल यायला महिना तरी लागतो.