सोडलेला टोला

आखनाशी, सदरलंड
२० जून १९८८

चि. मरडो यास एफीताईचे अनेक उत्तम आशीर्वाद. खरं तर आज द्यायचे नव्हते, पण बाबांनी लावलेली सवय हाताला सुटत नाही.

काल गाडी वेळेवर पोचली, मांजर जिवंत आहे, आणि मी तुझ्यावर इतकी संतापले आहे की चहासुद्धा गोड लागत नाही. वीस वर्षं आपण दर जूनमध्ये गोल्फचं एक न खेळलेलं मैदान निवडतो आणि बहीणभावाचा सामना खेळतो. वीस वर्षांत तू मला, राहू दे, गेला आत असं धरू, म्हणून एक टोला सोडला नाहीस. एअरशरच्या मैदानावर माझा चेंडू होलच्या इतका जवळ होता की माझ्या एका बुटाखाली दोन्ही झाकले गेले असते. तरी तू हाताची घडी घालून उभा राहिलास आणि मला वाकून तो आत ढकलायला लावलास. मला त्याचा राग आला नव्हता. उलट घरी येऊन मी शेजारच्या फ्लोराला कौतुकाने सांगितलं होतं, की आमचा मरडो सख्ख्या बहिणीलाही सूट देत नाही.

आणि परवा क्रेगवार्डीला? अठरावा होल, आपण बरोबरीत, तुझे पाच टोले होऊन गेलेले, आणि मला चौथ्यातच चेंडू आत घालायची संधी. अंतर चांगलं चार फूट, तेही उताराचं. मी पटरची काठी हातात धरून चेंडूची वाट न्याहाळत होते, तेवढ्यात तू म्हणालास की ताई, उचल चेंडू, जिंकलीस तू. मला वाटलं थट्टा करतोयस. मान वर करून पाहते तर तू टोपी काढून हात मिळवायला पुढे आलेला!

मी लगेच क्लबच्या सेक्रेटरीला गाठून विचारलं, की ही मेहेरबानी मला नाकारता येते का. त्याने नियमांचं पुस्तक न उघडताच सांगितलं, की समोरच्याने टोला सोडला की सोडला, तो नाकारताही येत नाही आणि परतही घेता येत नाही. म्हणजे मी जिंकले. टोला न मारता जिंकले! जिंकणाऱ्याने वर्षभर ठेवायची ती बाबांची किटली मांडीवर घेऊन गाडीत बसले तेव्हा मला कुणाची तरी वस्तू ढापून पळाल्यासारखं वाटत होतं. बाबांनी तीस वर्षं आखनाशीच्या मैदानाचं गवत राखलं आणि या किटलीतला चहा प्यायले. फुकटचं काही घरात आलेलं त्यांना खपायचं नाही. किटली पार्सलने परत पाठवते आहे.

आता गुण. मैदानावर अवाक्षर काढायचं नाही, आठवड्याच्या आत पत्राने कळवायचं, हा नियम मी तरी पाळते. क्रेगवार्डीला दहापैकी तीन. वाळूच्या टेकड्यांमधून जाणारी सुरुवात देखणी आहे, सातवा होल अगदी लाटांना खेटून आहे, सगळं कबूल. पण क्लबच्या दारावरच्या माणसाने मला सांगितलं की बायकांची वाट स्वयंपाकघराच्या बाजूने आहे, आणि बरोबरच्या गृहस्थांची वाट बघायची असेल तर खिडकीजवळ बसा. वाट बघायची! त्याच्याच मैदानावर अठरा होल खेळून, शंभर टोल्यांच्या आत राहून मी आले होते. वर सूपला साय धरलेली. तीन हेसुद्धा सातव्या होलकडे बघून दिले आहेत.

लोभ आहे, पण तूर्त कुलपात ठेवला आहे.
एफीताई


किलमॅरो, फाइफ
२७ जून १९८८

ती. एफीताईस मरडोचा शि. सा. न. वि. वि.

पत्र आणि किटली दोन्ही पोचली. पत्र जास्त गरम होतं.

अगं, एवढं काय झालं? आभाळ भरून येत होतं, तुझी गाडी चुकेल अशी मला धास्ती होती, म्हणून म्हटलं आटपून टाकू. शिवाय त्रेसष्टाव्या वर्षी माणूस थोडा मऊ होतो. नियम तुला सेक्रेटरीने सांगितलाच आहे. किटली तुझी, परत पाठवतो आहे. आत ऊनाने केलेली ओटची बिस्किटं भरली आहेत, ती तरी परत पाठवू नकोस.

माझ्याकडून क्रेगवार्डीला आठ. दारावरच्या त्या गाढवापायी एक कापला, नाहीतर नऊ होते. असं मैदान आपण वीस वर्षांत पाहिलेलं नाही: वारा समुद्रावरून, जमीन कडक, चेंडू पडला की कुठे जाईल ते देवाला ठाऊक. आणि तू ज्याच्यावरून जगातल्या सगळ्या मैदानांची परीक्षा घेतेस त्या आखनाशीला मी पूर्वी चार दिले होते, आजही चारच देतो. नऊ तर होल, तेच दोनदा खेळायचे. होलभोवतीच्या ग्रीनला मेंढ्या येऊ नयेत म्हणून तारेचं कुंपण, आणि चेंडू लेंड्यांत बसला की रुमालाने पुसून पुढे चालायचं. आपण तिथे वाढलो म्हणून ते मोठं होत नाही. रागव खुशाल.

एक विनंती. जमलं तर पत्र जरा मोठ्या अक्षरात लिहीत जा. माझे डोळे पहिल्यासारखे राहिले नाहीत.

कुलपाची किल्ली हरवू नकोस एवढंच मागणं.
तुझा मरडो


आखनाशी
४ जुलै १९८८

चि. मरडो यास आशीर्वाद, नेहमीपेक्षा कमी.

आभाळ भरून येत होतं? त्या दिवशी उन्हाने माझ्या नाकाची सालं निघाली. आपला खेळ तीनला संपला आणि गाडी सातची होती. आणि तुझ्या डोळ्यांचं म्हणशील, तर चौदाव्या होलवर दोनशे यार्डांवरून तूच ओळखलंस की वाळूच्या बंकरच्या कडेला आहे तो चेंडू माझा. लहानपणी मध चोरून खाल्लास की तू असाच एकाऐवजी तीन कारणं द्यायचास. तेव्हाही पकडला जायचास.

मला सरळ उत्तर हवं आहे. वीस वर्षं जो माणूस वीतभराचा टोला सोडत नाही, तो चार फुटांचा का सोडतो? ताई म्हातारी झाली म्हणून? बाई आहे म्हणून? तसं असेल तर तू आणि तो दारावरचा माणूस एकाच माळेचे मणी. त्याने निदान तोंडावर सांगितलं.

किटली परत पाठवली आहे. पोस्टातल्या डंकनने विचारलं की हिचं सासर फाइफला आहे का, सारखी ये-जा करते. बिस्किटं ठेवून घेतली, ती ऊनाची आहेत.

आखनाशीला चार म्हणे! बाबांनी गुडघ्यांवर बसून ज्या ग्रीनमधलं एकेक तण उपटलं, तिथे उभं राहून एकदा म्हणून दाखव.

पत्र आखूड आहे, कामं आहेत.
एफी


किलमॅरो
९ जुलै १९८८

ती. वन्सं यांस ऊनाचा सा. न. वि. वि.

हे पत्र मी यांना न सांगता लिहिते आहे. तुमचा राग पाहवत नाही, आणि यांचं गप्प बसणं तर त्याहून पाहवत नाही. ती किटली आता दारात दिसली की माझं डोकं उठतं.

तुमची वीस वर्षांची सगळी पत्रं यांनी बिस्किटांच्या डब्यांत जपून ठेवली आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. कुठल्या मैदानाला कुणी किती गुण दिले यावर वाद झाला की हे डबे उघडतात. फेब्रुवारीत असेच उघडले आणि जेवणाच्या टेबलावर सालवार पत्रं मांडून बसले. मी सूप वाढायला गेले तर म्हणाले, थांब, हे बघ. जुन्या पत्रांत तुमच्या एका ओळीत सात शब्द आहेत. गेल्या दोन वर्षांत दहा झाले, मग बारा. नाताळच्या पत्रात सोळा. ओळीच्या शेवटी शेवटी तर अक्षर मुंगीएवढं होतं. दुसऱ्या दिवशी यांनी भिंग विकत आणलं आणि मला सांगितलं की डोळे गेले. मग ओळखीच्या डॉक्टरांकडे तुमची दोन पत्रं घेऊन गेले. परत येऊन यांनी दोन्ही पत्रं डब्यात टाकली आणि झाकण घट्ट लावलं.

क्रेगवार्डीला चहाचा कप धरताना तुमचा हात यांनी पाहिला. तुम्हाला गाडीत बसवून आल्यावर मोटारीत तासभर नुसते बसून होते, असं यांनी मला नंतर सांगितलं.

मला तुम्हा दोघांचाही राग आला आहे. तुम्ही सांगत नाही, हे विचारत नाहीत, आणि एकमेकांना भांडी पाठवता. बाकी क्षेम. माझ्यावर रागावलात तर तेवढं मात्र थेट मला कळवा.
आपली ऊना


आखनाशी
१५ जुलै १९८८

चि. मरडो यास एफीताईचे आशीर्वाद.

ऊनाला काही बोलशील तर याद राख. त्या घरात अक्कल असलेली ती एकटीच आहे.

होय. कंपवात आहे. गेल्याच्या गेल्या नोव्हेंबरात इन्व्हरनेसच्या डॉक्टरांनी सांगितलं. एकतीस वर्षं मी सायकलवरून आणि मग मोटारीतून या दऱ्याखोऱ्यांत नर्स म्हणून फिरले, त्यांनी तोंड उघडायच्या आधीच मला कळलं होतं. सांगितलं नाही, कारण सांगितलं की लोक दार उघडून धरतात, कप अर्धा भरतात, आणि वाक्य संपायच्या आत मान डोलावतात. मला वाटलं, सगळे करतील, मरडो करणार नाही. मरडो मला बुटाखालचा टोलासुद्धा मारायला लावेल.

आणि तूच पहिला निघालास.

माझी पत्रं परक्या माणसापुढे ठेवलीस, ओळीतले शब्द मोजलेस, भिंग आणलंस, सगळं केलंस. तोंड उघडून, ताई, काय झालंय, एवढं विचारायला काय होत होतं तुला? मैदानांवर बोलायला तुला आठ-आठ पानं पुरत नाहीत!

आता नीट ऐक, कारण हे तुझ्या डॉक्टरने तुला सांगितलेलं दिसत नाही. माझा हात थरथरतो तो रिकामा असताना. कप धरून नुसती बसले की थरथरतो. पटर घट्ट धरला, चेंडूवर नजर लावली, की थांबतो. सगळ्यांचं असं होत नाही, माझं होतं, आणि किती दिवस होईल ते कुणी सांगत नाही. दिवसभरात जी काही मिनिटं हा हात माझं ऐकतो, त्यातली बरीच मैदानावर असतात. त्या चार फुटांवर मी उभी होते तेव्हा तो अगदी शांत होता. मला उतार दिसत होता, होलच्या डावीकडे दोन बोटं नेम धरायचा होता. तो आत गेला असता की चुकला असता? मला माहीत नाही. आता कधीच कळणार नाही. असे टोले माझ्याकडे मोजके उरले आहेत, मरडो, आणि त्यातला एक तू उचलून घेतलास. वर हसलास.

३ सप्टेंबरला इथे ये. किटली घेऊन ये. तुझ्या चार गुणांच्या मैदानावर आपण नऊ होल दोनदा खेळू. काहीही सोडायचं नाही. जमणार नसेल तर येऊ नकोस.

लोभाचं तेव्हा बघू.
एफी


किलमॅरो
२१ जुलै १९८८

ती. एफीताईस शि. सा. न.

तुझं पत्र भिंगाने वाचलं. लपवून काय करू?

तुझं सगळं खरं आहे. विचारायला हवं होतं. फेब्रुवारीपासून चार पत्रं लिहिली आणि फाडली. कारण विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस.

एकच गोष्ट सांगतो, सफाई म्हणून नव्हे. मी तुझ्यावर दया केली नाही. मी घाबरलो. तू चुकलीस तर ते मला उभं राहून बघवलं नसतं. तो टोला मी तुला नाही सोडला, स्वतःला सोडला.

३ तारखेला येतो.
मरडो


आखनाशी
७ सप्टेंबर १९८८

चि. मरडो यास एफीताईचे अनेक अनेक उत्तम आशीर्वाद, सगळेच्या सगळे.

तुझी मोटार वळणाआड गेली आणि फ्लोरा कुंपण ओलांडून माझं सांत्वन करायला आली. तिच्याच्याने बघवलं नाही म्हणे. तुझा भाऊ दगडाच्या काळजाचा आहे, आजारी बहिणीला असं वागवतात का, वीतभर तर अंतर होतं, सोड म्हणून आम्ही तारेपलीकडून ओरडत होतो, तर हा हाताची घडी घालून मेंढ्यांकडे बघत उभा! मी तिला विचारलं की चहा घेणार का, आणि घेणार असशील तर माझ्या भावाला नावं ठेवायची नाहीत.

वीतभर! आपण बरोबरीत, शेवटचा होल, तुझा चेंडू केव्हाच आत, माझा वीतभर बाहेर. आणि मी तो चुकवला. कडेला लागून फिरला आणि बाहेर येऊन बसला. मरडो, त्या दिवशी हात शांत होता. हात नाही चुकला, मी चुकले. घाई केली, मान वर उचलली, आठव्या वर्षी बाबा ज्याच्यासाठी ओरडायचे तीच चूक. आल्यापासून स्वतःला शिव्या घालते आहे. काल भांडी घासताना घातल्या, आज पहाटे अंथरुणात घातल्या. असं छान चिडून मला दोन वर्षं झाली होती.

किटली तू जिंकलीस. वर्षभर तुझ्याकडे राहील, पुढच्या जूनमध्ये घेऊन जाईन. जाताना ती छातीशी धरून रडत होतास ते मी पाहिलं. आत थेंब पडू देऊ नकोस, गंज धरेल.

गुण: आखनाशीला दहापैकी दहा, नेहमीप्रमाणे. तुझे अजून आले नाहीत, आणि आठवडा शनिवारी संपतो. चारच असतील तर चारच कळव. माझ्याकडे बघून एकसुद्धा वाढवलास तर वाचल्याशिवाय परत पाठवीन.

अक्षर बघ. ऊनाने रुंद रेघांची वही पाठवली, एका ओळीत चारच शब्द बसतात. पूर्वी एका पानात मावायचं त्याला सहा पानं लागली आणि तीन दिवस गेले. भिंग खणात टाक, आणि शब्द मोजत बसू नकोस. पुढच्या जूनसाठी मैदान शोध. बायकांना पुढच्या दाराने आत घेणारं असावं, आणि सूप गरम असावं.

लोभ असावा. टोला सोडू नये.
एफीताई