उजवा खांदा

आप्पा,

काल सात महिन्यांनी मी दांडी डोक्यावर नेली. रिकामीच, वीस किलोची. तुमच्या व्यायामशाळेत नवी पोरं पहिल्या आठवड्यात उचलायची ना, तेवढीच. कोपर सरळ झालं, खांद्यात कळ आली नाही, आणि फिजिओ मॅडम "अरे वा, सर!" म्हणत चक्क टाळ्या वाजवायला लागल्या. सेहेचाळीस वर्षांच्या माणसाने रिकामी दांडी उचलली म्हणून टाळ्या! मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. दांडी हळूहळू खाली आणली, मांडीवर घेतली, गुडघे वाकवून आवाज न करता जमिनीवर ठेवली. "आदळायची नाही, ठेवायची," असं तुम्ही शेकडो वेळा सांगितलेलं. ती ठेवली आणि तुम्ही समोर उभे असल्यासारखी माझी मान खाली गेली.

खांदा कसा गेला तेही सांगतो, त्यातही शहाणपणा काही नाही. घोडबंदर रोडला आमच्या ऑफिसच्या इमारतीत जिम आहे, तिथे चार वर्षांपूर्वी मी पुन्हा सुरू केलेलं. गेल्या दिवाळीच्या आधी एकदा वजन डोक्यावर गेलं, पण जरा मागे गेलं. अशा वेळी सोडून द्यायचं असतं. मी धरून ठेवलं, कारण ऑफिसातले चारजण बघत होते. आत काहीतरी फाटलं, त्याचा आवाज मला ऐकू आला. मग ऑपरेशन, मग सहा आठवडे हात गळ्यात. शर्टाची बटणं बायको लावायची. आई मोहन्याहून आमच्याकडे कोलशेतला राहायला आली आणि हट्टाने माझ्याबरोबर फिजिओकडेही आली. मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं, "या खांद्याला आधी कधी काही झालेलं?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "हो तर. ह्याचे वडील वारले तेव्हा. हाच, उजवा. मी मेली घरी तेल लावत बसले, डॉक्टरला दाखवलं नाही. तेव्हाच बघितलं असतं तर आज ही वेळ आली नसती." मॅडमनी ते फाइलमध्ये लिहून घेतलं. मी लिहू दिलं. आप्पा, मला विचारलं असतं तर मी डावा सांगितला असता. तेव्हा कोणता सांगितलेला ते मला आठवतच नव्हतं. दुखलेलं असतं तर आठवलं असतं.

तुम्ही गेलात त्या सकाळी कंपनीतले लोक, चाळ, तुमची व्यायामशाळेची सगळी मंडळी दारात उभी होती. तिसऱ्या दिवशी ठाण्यात माझी वेटलिफ्टिंगची निवड-स्पर्धा होती. तुम्हाला ते माहीत होतं, शेवटच्या आठवड्यात तुम्हीच खाटेवरून विचारत होतात, किती नेतोयस, किती नेतोयस. वंदना झाली, पंचशील झालं, आणि काका मला म्हणाले, "चल, पुढे हो. उजवीकडून लाग." मी म्हणालो, "काका, खांदा दुखावलाय." "मग डाव्यावर घे की." "नाही हो, झटका बसतो." मग कोणीतरी म्हणालं, राहू द्या, पोराला त्रास नको, आणि तुमचाच एक शिष्य माझ्या जागी लागला. आपल्यात मडकं धरणं वगैरे काही नाही. मुलाने करायचं ते एवढंच असतं. नदीपर्यंत सगळ्यांनी आळीपाळीने तुम्हाला खांदा दिला, दूधवाल्यानेसुद्धा दिला, आणि मी हात छातीशी धरून मागून चालत होतो. आजारात तुमचं काय राहिलेलं, आप्पा? साठ किलोसुद्धा भरला नसतात. चौघांत वाटून पंधरा. मी त्या महिन्यात एकशे दहा डोक्यावर नेत होतो.

एकदा नववीत असताना मला बैठका नको होत्या म्हणून मी "गुडघा दुखतोय" म्हणालेलो. तुम्ही काही न विचारता दांडीच्या चकत्या काढल्या आणि मला बाकावर बसवलं. दुपारी मी चाळीच्या पटांगणात क्रिकेट खेळताना तुम्ही सेकंड शिफ्टला निघालेले. सायकल थांबवलीत. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. तुम्ही फक्त म्हणालात, "हे बघ, दुखतंय म्हणालास की मी मानणार. कुणीही म्हणालं की मी मानणार. मला आत शिरून बघता येत नाही. म्हणून दुखण्याचं खोटं बोलायचं नाही." आणि गेलात. नंतर कंपनीच्या भंगारातला मशीनचा पट्टा कापून, त्याला बक्कल शिवून तुम्ही मला कमरेला बांधायला दिलात, तो त्याच महिन्यात. मला वाटलं, तुम्ही विसरलात.

तुम्ही गेलात त्या रात्रीपासून आईने तेल लावायला घेतलं. लसूण आणि ओवा घालून कडवलेलं, वाटीत, कोमट. नवरा गेलेला, डोळे सुजलेले, आणि बाई माझ्या धडधाकट खांद्याला तेल चोळतेय. "उद्या डॉक्टरला दाखवू," म्हणाली. मी म्हणालो, "नको, तुझ्या तेलानेच बरं वाटतंय." तिसऱ्या दिवशी नोकरीच्या इंटरव्ह्यूला जातो सांगून ठाण्याला गेलो, तुमचा पट्टा बांधला आणि दुसरा आलो. मेडल मोज्यात घालून घरी आणलं. ते अजून तसंच आहे, कुणीही बघितलेलं नाही. आल्यावर आईने विचारलं, "झालं का रे काम?" नाही म्हणालो. ती वाटी घेऊन आली आणि मी शर्ट काढून बसलो.

आता कालचं. मॅडम मला दांडी देईचनात. पाच महिने लाकडी काठी, रबराचा पट्टा, भिंतीवर बोटं चालवा, बस. का, तर जुनी इजा आहे, दुसऱ्यांदा फाटलाय, डोक्यावर वजन आता विसरा. मला ते सहन होईना. शेवटी गेल्या आठवड्यात आई बरोबर नव्हती तेव्हा मी म्हणालो, "मॅडम, ते जुनं खोडून टाका. तसं काही झालंच नव्हतं." त्या म्हणाल्या, "अहो, पण काकू तर सांगत होत्या." आणि मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "आईचा काहीतरी घोळ होतोय. वय झालंय तिचं." मॅडम हसल्या, त्यांनी ती ओळ खोडली, आणि काल दांडी दिली. म्हणजे बावीस वर्षांनी का होईना खरं बोलायची वेळ आली, तर ते खरंसुद्धा मी आईच्या डोक्यावर ठेवून बोललो. शी! लिहितानासुद्धा लाज वाटते.

आज संध्याकाळी आई वाटी घेऊन आली. टाके कधीच सुकलेत, मॅडमनी हलक्या हाताने लावायला परवानगी दिलीय, आणि ती मला रोज तीनतीनदा सांगते की ह्या वेळी विचारून लावतेय. "काल वर नेलास ना हात? आज ठणकणार," म्हणाली. मी मनाचा हिय्या केला. म्हणालो, "आई, तेव्हा तुझ्या तेलाने काही बिघडलं नव्हतं. तेव्हा मुळात…" "असू दे रे," ती म्हणाली, "माझी समजूत नको काढूस. चुकलंच माझं. हलू नकोस." तिची बोटं आता वाकडी झालीत, अंगठ्यात जोर राहिलेला नाही. मी हललो नाही.

हे तुम्हाला लिहिणं सोपं आहे, कारण तुम्ही विचारणार नाही. सांगायचं आहे ते आत भाकरी थापणाऱ्या बाईला. पट्टा अजून आहे माझ्याकडे, कागद त्यातच गुंडाळून ठेवतो. एक राहिलं, आप्पा. तेल चोळताना मला बरं वाटायचं. तेव्हा काही दुखत नव्हतं, तरीही वाटायचं.