खालच्या कडीची गाठ

प्रिय दादा,

'प्रिय' लिहिलंय, कारण पत्र तसंच सुरू करतात. उगाच खूश होऊ नकोस. मेसेज केला की तू निळी टिक देऊन गुडूप होतोस, फोन केला की मीटिंगमध्ये असतोस. आता कागदाचं काय करतोस बघू. माझं मराठी लिखाण तुला माहितीये, इंग्लिश मीडियमची कृपा. चुका काढत बसलास तर याद राख.

इथे थंडी गेली. नदीचं पाणी कोमट झालंय आणि भरतीबरोबर समुद्रातले मोठे मासे आत यायला लागलेत. दादा, काय मासे आहेत या वर्षी! पाणी वळायच्या आधी जरा वेळ थांबतं ना, तेव्हा पुलाखाली त्यांच्या पाठी चमकतात, लिटरली माझ्या दंडाएवढ्या. अख्खं वर्ष मी याच दिवसांची वाट बघते. आणि करतेय काय? धक्क्यावर बसून बघतेय. बाबा शेजारच्या काकांच्या बोटीतून जातात, मला नेत नाहीत. काल मी गळ घेऊन उभी राहिले तर म्हणाले, "आधी दोर बांधायला शीक, मग मासे धर." काकांसमोर! काका हसले पण.

मी दोर बांधायला शिकू? मी?

तुझ्या सुट्टीचा शेवटचा दिवस आठव. आपल्या बोटीतून आपण दोघंच गेलो होतो. तू नवा रील घेऊन, गॉगल लावून, जाहिरातीतून उतरल्यासारखा. गळाला लागलं काय, तर चप्पल. तीही एका पायाची. मासे मी धरले, आणि अंड्यांनी भरलेली मादी मी परत सोडली तर तू म्हणालास, "वेडी आहेस का, फोटो तरी काढू द्यायचास." परत आलो तेव्हा ओहोटी पार तळाला गेली होती. मी वल्ही आणि बादली घेऊन पायऱ्या चढत होते. तू म्हणालास, "तू हो पुढे छोटे, मी बांधतो." मी गेले. दादा बांधतो म्हणाला म्हणजे बांधणार, विषय संपला.

धक्क्याची वरची कडी, लांब दोर, पाण्याला चढायला जागा ठेवायची. अक्षरं गिरवायच्या आधी शिकलोय आपण हे. पण वरच्या कडीला हात पोचायला शेवाळावरून चढावं लागतं, आणि तुझे ते पांढरे बूट! तू बसल्या जागी खालच्याच कडीला आखूड दोर आवळलास. आणि तेही उधाणाच्या दिवसांत. रात्री भरती चढली, बोटही चढायला बघत असणार, पण तुझ्या दोराने तिचं नाक खालीच धरून ठेवलं. बाबांनी स्वतःच्या हाताने डांबर लावलेली बोट, जागच्या जागी बुडाली.

सकाळी बाबांनी विचारलं, "कोणी बांधली होती?" तू चहाच्या कपात बघत बसलास. मी तुझ्याकडे बघत होते. वाटलं, आता बोलेल, आता बोलेल. तू बिस्कीट बुडवलंस. बोट रोज मीच बांधते, म्हणून बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि उठून गेले. दुपारच्या बसने तू पसार. संध्याकाळी मी खरं सांगितलं तर बाबा म्हणाले, "तो गेल्यावर त्याच्यावर ढकलतेस? लाज वाटत नाही?" आईने पण मान खाली घातली. त्या दिवसापासून या घरात मी खोटारडी आहे, आणि तू बिचारा, शहरात राबणारा.

त्यानंतर ओहोटी तेवढी खाली गेलीच नाही, त्यामुळे ती कडी पाण्याखालीच होती. परवा पुन्हा उधाण लागलं, भरतीसारखी ओहोटीही पार टोकाला गेली आणि ती उघडी पडली. मी खाली उतरले, गुडघाभर चिखलात. दोर अजून तिथेच आहे. आणि गाठ! उलट्या बाजूने वळवलेली डावखुरी गाठ, वर तीन फुकटचे वेढे, पार्सल बांधल्यासारखे. आपल्या घरात डावखुरा कोण आहे रे? बाबांचा गुडघा त्यांना त्या पायऱ्या उतरू देत नाही, त्यांना वरून फक्त दोर दिसतो. मी गाठीला बोटसुद्धा लावलं नाही.

रविवारी बोट काढायची आहे. सकाळच्या ओहोटीला तिला रिकामे ड्रम बांधायचे, मग भरती तिला आपोआप उचलेल. पण आधी तो दोर सोडायला हवा. काल धक्क्यावर सगळे जमले होते. बाबा माझ्याकडे बघत म्हणाले, "ज्याने बांधली, त्यानेच खाली उतरून सोडायची." मी सगळ्यांसमोर म्हटलं, "बरोबर आहे, बाबा." म्हणून हे पत्र. शनिवारची बस पकड. सुरी आणू नकोस, कापू देणार नाही, हाताने सोडवायची. बाबा वर उभे असतील, मी त्यांच्या शेजारी. आणि ते पांढरे बूट घालूनच ये.

पायऱ्यांवर तुझी वाट बघणारी,
तुझीच, अजून तरी,
छोटी