मक्याच्या दारूचे सहा महिने

१३ जानेवारी
चर्चच्या मंडळीतून मला सहा महिने बाजूला काढलं! प्रभुभोजन बंद, बसायचं मागच्या बाकावर. बातमी पक्की — मंडळीचे पंच योटामु, म्हणजे माझेच यजमान, यांनी जेवताना दुजोरा दिला. हात वर करणाऱ्यांत तेही होते.

गुन्हा: शेत निंदायला शेजारी बोलावले आणि त्यांच्यासाठी मक्याची दारू केली. दारूशिवाय निंदायला येतं कोण? शेत स्वच्छ झालेलं मात्र ह्यांना आवडलं!

१८ जानेवारी, रविवार
मागचा बाक झकास. दारातला वारा थेट अंगावर.

महिला संघाची अध्यक्ष एलुबे मागे वळली. ‘काय गं, वास गेला का अंगाचा?’
म्हटलं, ‘तुला आठवण येतेय वाटतं वासाची!’

मग प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट माझ्या नाकासमोरून पुढे गेलं. वाटलं, आता रडू येणार. हसूच आलं. ताट वळवता येतं. ज्याचं ताट आहे, त्याला कोण वळवणार?

२२ जानेवारी
डॉक्टरीण म्हणाली, गळ्यातली गाठ काढावीच लागेल. ४ फेब्रुवारी. धोका आहे.

ह्यांचा न्सीमा, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, ताटात तसाच. ‘अगं, शिक्षेत असताना गेलीस तर पुरताना घंटा नाही, गाणी नाही. मला प्रार्थनासुद्धा करता येणार नाही!’
‘नियम कुणी केला?’
‘आम्हीच.’
‘मग बसा!’

२३ जानेवारी
झोप छान लागली. ह्यांना नाही.

२७ जानेवारी
‘माफी माग. मी सवलत मिळवतो.’
‘वाईटच वाटत नाही, तर मागू कशी? तण गुडघाभर होतं.’
‘तुला भीती कशी वाटत नाही गं?’

वाटते. सुरीची वाटते. देवाची नाही. म्हटलं, ‘पुरणार तुम्ही, सांभाळणार तो. तुमच्या बैठकीला विचारून त्यानं प्रेम सुरू केलं नव्हतं. बंदही करायचा नाही.’

पंचांना गप्प बसवणं — हेही एक सुख!

१ फेब्रुवारी, रविवार
भर उपासनेत हे उभे राहिले. ‘ती दारू मीही प्यालो. दोन वाट्या.’ एलुबेचं तोंड उघडंच राहिलं. हे पुढून चालत आले आणि माझ्या शेजारी बसले. हात धरला नाही — पंच ना! नुसता पायाला पाय टेकवला.

थेंब घेतला नव्हता हो! नुसत्या वासानं ह्यांना ओकारी येते.

मंगळवारी ह्यांच्यावर बैठक. सहा महिने मिळतील, असा अंदाज. बुधवारी माझं ऑपरेशन.