आईने दाबलेल्या जाहिराती

४ जून
ति. ताईस,
सा. न. वि. वि.
फोनवर आई रडते आणि मला काही सुचत नाही, म्हणून पत्र. लाँड्रीत तेच चाललंय. हॉटेलांच्या चादरी येतात, धुऊन निघतात आणि मी वाफेच्या इस्त्रीपाशी उभा. पण डाग कसे काढावेत यावरची माझी वेबसाइट आता धावायला लागलीय. सातवीत शाळा सोडलेल्याचं लिहिणं लोक वाचतात, बोल आता. त्या पानांवर एक कंपनी जाहिराती लावते. वाचणाऱ्याने जाहिरात दाबली की मला पैसे. ठरलेली रक्कम साठेपर्यंत ते हातात काही ठेवत नाहीत, पण साठत आलीय.
इथला करार पुढच्या महिन्यात संपतो. मुकादम आणखी दोन वर्षांचा कागद घेऊन मागे लागलाय. साइटचे पैसे सुरू झाले तर सही करत नाही, सरळ घरी येतो. खाटेवर लोळत लिहीन, आईच्या हातचं खाईन आणि तुझी बोलणी.
त्या बोलण्यांना मुकलेला,
भिंगरी

१९ जून
चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. तुझ्या पत्रातलं ‘दाबलं की पैसे’ एवढंच आईने पक्कं धरलंय. चहा झाला की चष्मा लावते, माझा मोबाइल घेते आणि दिसेल ती जाहिरात दाबत सुटते. ट्रॅक्टरची, टकलावरच्या तेलाची, कसलीही. एवढे लोक बोलावतात आणि आपण काहीच घेत नाही, याचं तिला वाईटही वाटतं. माझ्या शिवणक्लासच्या पोरींनाही तिने जुंपलंय. मी म्हटलं, अगं, त्याने लिहिलेलं वाच तरी. तर म्हणाली, वाचत बसले तर दाबू कधी, त्याला लवकर आणायचंय.
जेवत जा वेळेवर. माया आहेच, ती सांगून कमी करत नाही.
तुझी ताई

७ जुलै
ति. ताईस,
सा. न. वि. वि.
कंपनीने माझं खातं बंद केलं. एकाच मोबाइलवरून, एकाच गल्लीतून इतकं दाबलं जातंय म्हणजे लबाडी, असं त्यांचं म्हणणं. साठलेलंही गेलं. मी उलट कळवलं की ती माझी आई आहे. छापील उत्तर आलं. तुझं पत्र पोचेपर्यंत मी इथल्या सगळ्या पोरांवर संशय घेऊन बसलो होतो.
आईवर राग येत नाही गं. मला ओढून आणायला तिने लावला तेवढा जोर मीही लावला नसेल. तिला सांगू नकोस, नियम बदलले म्हण. उद्या सही करतो. दोन वर्षं काही फार नाहीत, असं स्वतःला सांगतोय. पटलं की कळवीन.
तुझाच,
भिंगरी

२३ जुलै
चि. भिंगरीस,
आशीर्वाद. नियम बदलल्याचं आईला सांगितलं. सकाळी मात्र तिने सवयीने मोबाइल मागितला. जाहिराती नाहीत, मग करायचं काय, म्हणून पहिल्यांदाच वाचायला लागली. जोडाक्षरांना अडखळत, मोठ्याने. शाईचा डाग, तेलाचा डाग करत करत इस्त्रीने भाजण्याच्या पानावर आली. गार पाण्याखाली हात धरा, फडकं गुंडाळा, आणि मुकादमाच्या नजरेला पडू न देता दुसऱ्या हाताने पाळी पूर्ण करा, असं तू तिथे लिहिलंयस.
मोबाइल खाली ठेवून ती म्हणाली, “हे ऐकून लिहिलेलं नाही. कोणता हात, ते विचार त्याला.”
भाजी करपली तरी उठली नाही. उत्तर लगेच धाड.
ताई

६ ऑगस्ट
ति. ताईस,
सा. न. वि. वि.
डावा. लिहितो उजव्याने, म्हणून अक्षरावरून तुम्हाला कळलं नाही. नवी कातडी आलीय, बाळाच्या तळव्यासारखी गुलाबी. सही मात्र झालीय, ती आता मोडता येत नाही.
ते पान काढून टाकणार होतो, पण राहू दे. साइट चालूच ठेवतोय. आता लिहिताना जोडाक्षरं टाळतो, आणि पान लांबवतो. तेवढाच वेळ ती माझ्यापाशी बसेल.
तुम्हा दोघींचा,
भिंगरी