सातवं फूल पाण्यातलं

१२ जून १९२४
पोहोचले एकदाची! स्टेशनापासून घोडागाडीनं दोन तास, हाडं खिळखिळी झाली. पण तळ्याकाठचं पिवळं घर दिसलं आणि सगळा शीण पळाला. काम माझ्या आवडीचं आहे. घराच्या मालकीण हेड्विगबाई; त्यांच्या लेकानं, आर्विदनं, सात फुलांवर पियानोच्या सात छोट्या रचना केल्या. गेल्या वर्षी लग्न तोंडावर आलेलं असताना तो या तळ्यात बुडाला. त्याच्या शाईचे डाग पडलेल्या कच्च्या कागदांवरून मी छापण्याजोगी प्रत काढायची. तेवीसला, युहानुसच्या म्हणजे भर उन्हाळ्यातल्या सणाला, यालमारी मला न्यायला येणार आणि जुलैत आमचं लग्न. माझा यालमारी दातांत साखरेचा खडा धरून बशीतनं कॉफीचे फुरके मारतो. आई नाक मुरडते, मला तो तस्साच हवा! पोहता मात्र येत नाही शहाण्याला, तळं पाहून काठावरच बसेल.

१४ जून
बाईंची अजब अट. ज्या फुलाची रचना उतरवायची ते आधी स्वतः खुडायचं, येताजाता चकार शब्द काढायचा नाही, आणि निजताना उशीखाली ठेवायचं. स्वयंपाकीण फीना हसून हसून बेजार. म्हणाली, अगं बये, सणाला पोरी मुक्यानं सात फुलं वेचतात ती स्वप्नात नवरा दिसावा म्हणून; तुला तर आयता मिळालाय, आणखी एक हवाय की काय? मीही हसले. म्हातारीचं मन राखायला माझं काय जातंय? डेझीची रचना उतरवली. सव्वा मिनिटाची, पण काय गोड!

१७ जून
घंटाफूल आणि क्लोव्हर झाली. उशीखालची फुलं चुरगळायला हवीत, तर टवटवीत निघतात, ओली. उशीला तळ्याचा वास येतो. आज कॉफी पिताना फीनानं सहज विचारलं, तुझ्या यालमारीचे डोळे कसे गं? मला सांगता येईना. कामानं डोकं शिणलंय, दुसरं काय.

१९ जून
रानगुलाब. यालमारीचं पत्र आलं. लिहितो, सेल्मा, तुझी आवडती शीळ घालतच गाडीतून उतरेन. कुठली शीळ? माझ्या डोक्यात फक्त आर्विदचे सूर. मला भीती वाटतेय. बॅग भरली आणि बाईंना सांगितलं, उद्या निघते. त्या रागावल्या नाहीत, फक्त एकदा डेझी वाजवून दाखव म्हणाल्या. वाजवून खोलीत आले तर बॅग रिकामी होती. कपडे मीच कपाटात परत लावले होते, हातात शेवटचा झगा होता.

२१ जून
बटरकप. म्हणजे पाच झाली. फीना आता हसत नाही. स्वयंपाकघराचं दार लावून म्हणाली, आर्विदला नवरी हवीय गं, म्हातारी तुला त्याच्यासाठी तयार करतेय. सातवं फूल खुडताना मौन मोडलंस तर म्हातारीचं सगळं फुकट जाईल. तुझा माणूस हाक मारेल. काही झालं तरी ओ दे.
ओ दे. ओ दे. विसरू नये म्हणून लिहून ठेवते.

२२ जून
निळं कॉर्नफ्लॉवर. सहा.
फीनाला बाईंनी घरी धाडलं.
सातव्या कागदावर नुसतं नाव — पाणकमळ. खाली कोरं. बाई म्हणाल्या, तो सांगेल, तू लिही.

२३ जून
होडीत आहे. बाईंनी ढकलून दिली. काठावर होळ्या पेटल्यात.
सातवी रचना ऐकू येतेय, पाण्याखालून —
धक्क्यावर कुणी माणूस ओरडतोय. सेल्मा, सेल्मा. मग शीळ. आता रडतोय बिचारा.
फीना म्हणाली होती, ओ दे. पण कुणाला?
या वहीचं पहिलं पान उघडलं. माझा यालमारी, असं लिहिलंय. अक्षर माझंच. कोण गं हा?
तो पाण्यात उतरला — कमरेपर्यंत — गळ्यापर्यंत —
त्याला पोहता येत नाही! हे मला कसं माहीत? देवा, हे मला माहीत आहे — ओ द्यायला हवी, एकदाच —
काठावर बाईंचं ओठांवर बोट —
कमळ होडीला लागलं. खालून कुणी देठ धरून वर केलंय. त्या बोटांवर शाईचे डाग.
तो बुडतोय — हाक मारते — नाव आठवलं, आलं ओठांवर — आर्वि