एसी आटपला अन् रीतानं बॅग भरली

चिरंजीव पत्रूले थोरल्या बहिणीचा, गोकुळाचा, आशीर्वाद. तुहा गुडघा कसा आहे? सिंदेवाहीच्या डॉक्टरनं पाण्यात उतरू नोको म्हटलं, अन् तू तलावातच राहतो, असं तुह्या गावाहून येणारी मंगली सांगे. राह्य बापा. आम्ही इथी गडचांदूरले भाजून राह्यलो. फोन करत नाई, काऊन की या घरात फोन सगळे मिळून ऐकतात. हे गिचमिड मंगलीजवळ देतो.

सुरेंद्रानं (माहा नातू, नोकरी लागली तवापासून शहाणा) बायकोच्या, रीताच्या, बाळंतपणासाठी एसी लावला. पोरगी दिवसांच्या आधी झाली, मुठीएवढी. डॉक्टर म्हणे, उन्हाळाभर गार खोलीत ठेवा. अन् परवापासून एसी घटकाभर गार करे, मंग नुसता कोमट वारा. सुरेंद्रानं रिमोटचे सेल बदलले, आतली जाळी धुतली, मेकॅनिकले फोन केला. तो म्हणे, लग्नात आहो. काल दुपारी रीतानं बॅग भरली, राजुऱ्याले मायेकडे जातो म्हणे. मी म्हटलं, जाय, पोरीले बसमधी शेकून ने. (बोलून गेली खरी, पण त्या उन्हात ते लेकरू राजुऱ्यापर्यंत टिकलं नसतं.)

ऑटो दारात आला. पोरीचं अंग तापलेलं, दूध धरेना. आधी रडे, मंग रडणंही बंद झालं, ते जास्त वाईट. मी पोरीचं अंग पुसाले धडपं भिजवाले मागच्या न्हाणीकडे पळाली अन् तिथीच थबकली.

एसीचा बाहेरचा डबा तिथी आहे. त्याची गरम हवा फुकट जाते, म्हणून मी परवा त्याच्या तोंडापुढं तू धाडलेले झिंगे वाळू घातले होते. मांजरीनं तोंड घालू नोये म्हणून तुहं जुनं जाळं गुंडाळलं, अन् कावळ्यांपासून वाचवाले वरून पोत्याचे बोरे शिवले, चहूकडून. हवा कोंडून डबा आतल्या आत घुरघुर करे, हात लावला तं चटका बसला. विळ्यानं सगळं कापून फेकलं. झिंगे सांडले, सांडू दिले.

खोली गार व्हाले लागली. मी दारातच उभी राह्यली. पोरीनं दूध धरलं तवा खाली बसली. रीतानं ऑटो परत धाडला. सुरेंद्र म्हणे, पाह्यलं आजी, जाळी धुतली म्हणून झालं. मी म्हटलं, हो बाबा, तुह्या हाताले गुण आहे.

तुही बहीण,
गोकुळा

ता.क. सुरेंद्र जाळ्याचं विचारन तं सांगजो, तूच मंगलीहाती परत मागवलं.

ता.क. सांडलेले झिंगे वेचून मंगलीजवळ टोपलं दिलं आहे. अर्धे झिंगे ओलेच आहेत. तुह्या शेजारच्या वहाबभाऊनं एसी लावला म्हणतात. त्याच्या डब्यापुढं जागा पाह्यजो, बोरे बांधू नोको. अन् त्याच्या घरी तान्हं लेकरू नाई ना, हे आधी विचारजो.